डोंगर निळे का?

इंदूर, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागचं चित्र बघून तुम्ही विचारलंत, "पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, तू निळे का रंगवतेस?" तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही. आज जानापाववर तीन तास बसले आणि मग कळलं, काय सांगायचं ते.

सकाळी पोहे-जिलेबी खाऊनच निघाले (आई, उपाशी नव्हते गं). चंबळ जिथे उगम पावते तो हा डोंगर, साडेआठशे मीटर उंच. समोर विंध्याच्या रांगा, एकीमागे एक. पहिली हिरवीगार, दुसरी करडी, तिसरी निळसर, शेवटची आभाळात विरलेली. झाडी सगळीकडे तीच. पण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. डोंगर जितका लांब, तितकी मधे हवा जास्त. म्हणून लांबच्या रांगेला भरपूर पाण्यात अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग, आणि जवळ येईल तसा त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळत जायचा.

पहिला कागद घाईने गेला. दमट हवेत रंग वाळता वाळेना, तरी मी दुसरी रांग लावली आणि दोन्ही एकमेकींत फुटल्या. दुसऱ्या वेळी दर रांगेनंतर हाताची मागची बाजू कागदाला लावून बघत होते. गार लागला की थांबायचं. आई, तुझ्या विटक्या सुती साडीचा तुकडा पिशवीत असतोच. ओल्या आभाळावर तो हलका टेकवला की रंग उचलला जातो आणि ढग उमटतो. विकतच्या फडक्याने तसा येत नाही.

बाबा, चित्रकार बेंद्रे आपल्या इंदूरचे, चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांचे शिष्य, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात! मला रंगांचं वेड तुमच्यामुळेच लागलं. म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग आधी अडतो. माझे डोंगर तुम्हाला चुकीचे वाटले, त्याला हेही कारण असेल. डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची दोनदा तारीख दिली, तुम्ही दोन्ही पुढे ढकलल्यात. आता ढकलू नका. मी रजा टाकून येते, थेंब घालायला मी असेन.

दिवाळीनंतर इकडे या. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. घडीच्या दोन खुर्च्या आणल्यात. शेवटची रांग किती निळी, ते तुम्ही सांगा, मी रंगवेन.

तुमची,
माई