रजिस्टरमधली एक ओळ आणि इंजिनिअरिंगची पोरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंग झालेल्या पोरांना काम येत नाही अशी ओरड आपल्याकडे कायम चालू असते, कुणी म्हणतं सिलॅबस जुना, कुणी म्हणतं कॉलेजं भाराभर झाली. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला एका बर्फाच्या फॅक्टरीत मेंटेनन्स बघतो, २२ वर्षं झाली. दरवर्षी दोन-तीन पोरं ट्रेनिंगला येतात, डिप्लोमावाली, डिग्रीवाली, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली, लांजा राजापूर गुहागर अशी. आणि माझा अनुभव वेगळा आहे. पोरांना काम येतं, थिअरी तर कित्येकदा माझ्यापेक्षा चांगली येते. पण केलेलं काम दुसऱ्याला कळेल असं लिहिता येत नाही, आणि चार जणांनी मिळून एक काम शेवटपर्यंत न्यायचं म्हटलं की अडतं. कॉलेजात याला सॉफ्ट स्किल म्हणतात आणि एखाद्या शनिवारी बाहेरचा पाहुणा बोलावून दोन तासांत उरकतात. मला हे पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लिहिणं आणि मिळून काम करणं ही इंजिनिअरच्या कामाची बाहेरची सजावट नाही हो, ते कामच आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्या दिवसांत बर्फाला किती मागणी असते ते बंदरावरच्या माणसाला सांगायला नको, सगळ्या बोटी एकदमच निघणार, सगळ्यांना पहाटे लाद्या पाहिजेत, आणि लादी काय दोन तासांत होत नाही, ब्राईनच्या, म्हणजे थंडगार खाऱ्या पाण्याच्या, टाकीत पाण्याचे कॅन सोडल्यावर धरायला एक दिवस तरी जातो. आमच्याकडे कंडेन्सरला पाणी देणारे दोन पंप आहेत, एक चालू, एक स्टँडबाय. सेकंड शिफ्टला ट्रेनिंगच्या पोराच्या लक्षात आलं की दोन नंबर पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवतात तिथून, पाणी गळतंय. पोरगा हुशार, त्याने स्वतःहून पंपाचे व्हॉल्व्ह बंद केले, ग्लँड खोलली, जुनी दोरी काढून नवीन भरली, सगळं व्यवस्थित. फक्त शाफ्टची स्लीव्ह घासलेली दिसली म्हणून त्याने ठरवलं की सकाळी मला दाखवू आणि मगच चालू करू, तोपर्यंत सक्शनचा व्हॉल्व्ह बंदच राहू दे. हेही बरोबर. मग त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, "पंप नं. २ अटेंडेड, ओके." आणि घरी गेला.

रात्री दोनच्या सुमारास एक नंबर पंप ओव्हरलोडवर ट्रिप झाला. ऑपरेटरने रजिस्टर बघितलं, दोन नंबर ओके, स्टार्टर दाबला. सक्शन बंद, पंप कोरडा फिरला, नवीन दोरी जळून गेली, स्लीव्ह होती नव्हती तेवढी गेली, कंडेन्सरला पाणी नाही म्हणून प्रेशर चढत गेलं आणि थोड्या वेळात हाय प्रेशर कटआउटने कंप्रेसर बंद पाडला. कटआउट होता म्हणून, नाहीतर अमोनियाच्या प्लँटमध्ये प्रेशर चढणं म्हणजे काय असतं ते मी इथे लिहीत बसत नाही. मला फोन आला तेव्हा बाहेर धो धो पाऊस. मी पोचेपर्यंत ऑपरेटर तिथेच उभा, चेहरा उतरलेला, म्हणाला, "काका, लिहिलंय की ओके म्हणून." त्याने व्हॉल्व्ह बघायला हवा होता हे खरंय, पण रात्री दोन वाजता एक पंप गेल्यावर माणूस आधी दुसरा चालू करायला धावतो, तो रजिस्टरवर विश्वास ठेवतो, ठेवायलाच पाहिजे, नाहीतर रजिस्टर कशाला?

सकाळी तो पोरगा आला, रडवेला झाला होता. मी त्याला ओरडलो नाही. कारण मला त्याच वेळी कळलं की चार वर्षांत ह्याला हे कुणी शिकवलेलंच नाही. मी त्याला रजिस्टर पुढ्यात ठेवून म्हटलं, आता परत लिही, काल काय लिहायला हवं होतं ते. अर्धा तास लागला त्याला. शेवटी हे लिहिलं: "पंप नं. २ च्या ग्लँडमधून गळती होती. दोरी बदलली. स्लीव्ह घासलेली आहे, सकाळी काकांना दाखवायची आहे. सक्शन व्हॉल्व्ह बंद ठेवलाय. तोपर्यंत पंप चालू करू नये." यात एकही अवघड शब्द नाही. इंग्लिश फाडफाड बोलता यायची गरज नाही. फक्त एवढाच विचार पाहिजे की हे वाचणारा माणूस रात्री दोन वाजता एकटा असणार आहे, त्याला काय माहीत असायला हवं. त्या दिवसापासून आमच्याकडे बंद ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या हँडलला लाल फडकंही बांधतो, ती कल्पना त्याच पोराची.

आता कॉलेजात लिहायला काय शिकवतात ते बघा. खरं तर पोरं लिहितात भरपूर, जर्नल, असाइनमेंट, सबमिशन, टर्मवर्कची फाईल, बोटं दुखेपर्यंत. पण सगळं मागच्या वर्षीच्या फाईलमधनं उतरवलेलं. ड्रॉइंगची शीट जीटी मारायची, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची गिरवायची, एक्सपेरिमेंटचं कन्क्लूजन सगळ्या बॅचचं एकच. माझ्या भाच्याची फाईल मी बघितली, वीस पानांखाली सह्या होत्या आणि एकाही पानावर कुणी "हे मला कळलं नाही, नीट लिही" असं लिहिलेलं नव्हतं. सरांना दोष देत नाही, एकेका सरांकडे किती फाईली येतात ते मला माहीत आहे. पण ज्याचं लिहिलेलं कधी कुणी वाचतच नाही, त्याला वाचणारा कोण याचा विचार करायची सवय कुठून लागणार?

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं नाही, मोठमोठ्या ठिकाणी यावरनं जीव गेलेत. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना तुटलं, आपली कल्पना चावला त्यात होती, सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा सुटून पंखाला लागला होता, यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्यावर विचार केला, स्लाइड बनवून वरच्यांना दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली बारीक अक्षरात होती: ज्या तुकड्यांवर चाचण्या झाल्या ते ३ घन इंचाचे, आणि प्रत्यक्षात लागलेला तुकडा साधारण १९२० घन इंचाचा धरलेला. सहाशे पटीपेक्षा जास्त फरक, म्हणजे त्या चाचण्यांवरनं काहीच सांगता येत नव्हतं. पण वरचं हेडिंग वाचून वाटावं की काळजीचं कारण नाही. नंतर चौकशी समितीने रिपोर्टमध्ये ही स्लाइड दाखवून स्पष्ट म्हटलं की नासात सविस्तर टेक्निकल रिपोर्टच्या जागी स्लाइड वापरायची सवय लागलीय आणि ती चुकीची आहे. आकडा त्यांच्याकडे होता हो. कागदावर होता. फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यात जाईल अशा जागी नव्हता.

कुणी म्हणेल, नीट लिहूनही उपयोग होत नाही. तेही खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. नासाच्याच चॅलेंजर यानाच्या वेळी बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइजोली नावाच्या इंजिनिअरने ३१ जुलै १९८५ लाच आपल्या वरिष्ठांना लिहून दिलं होतं की या सीलचा प्रश्न सोडवला नाही तर माणसं जातील. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं. उड्डाणाच्या आदल्या रात्रीसुद्धा तो आणि त्याचे सहकारी सांगत होते की एवढ्या थंडीत सोडू नका. तरी २८ जानेवारी १९८६ ला यान सोडलं आणि ७३ सेकंदांत संपलं. म्हणून मी लिहिण्याच्या जोडीला टीमचं बोलतो. टीममध्ये एकाने नीट सांगायचं आणि बाकीच्यांनी, खास करून वरच्याने, ऐकायचं, दोन्ही पाहिजे. मीसुद्धा एकदोनदा ट्रेनिंगच्या पोराचं म्हणणं घाईत झटकलंय आणि नंतर पस्तावलोय.

टीमचं आपल्याकडे काय होतं? फायनल इयरचा प्रोजेक्ट चार जणांचा. एक जण काम करतो, एक जण पैसे घालतो, बाकीचे दोघं व्हायव्हाच्या आदल्या दिवशी येतात. रिपोर्टवर चारही नावं. आणि ज्याने काम केलं त्यालाही वाटतं की मी एकट्याने केलं हीच माझी हुशारी, पण तिघांकडून काम करून घेता आलं नाही हे त्याचंही कमी पडणंच आहे की. ही पोरं कोकणातली आहेत याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मिळून काम करणं त्यांनी लहानपणापासून बघितलेलं असतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा, दोन्ही टोकांना माणसं, एका बाजूने जोर जास्त झाला तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते, म्हणून सगळ्यांचं एकमेकांकडे लक्ष असतं आणि शेवटी वाटेही सगळ्यांना. तीच पोरं कॉलेजात गेली की चौघांत एक काम का होत नाही? मला वाटतं कारण साधं आहे, रापणीत कोण कुठे उभं राहणार हे ठरलेलं असतं आणि कोण ओढत नाही ते सगळ्यांना दिसतं, प्रोजेक्टमध्ये ना कुणी ठरवत, ना कुणी बघत.

आपल्या दारातनं कोकण रेल्वे जाते. ७४० किलोमीटरच्या आसपास लाईन, ९० च्या वर बोगदे, १९९० मध्ये काम सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. ती लाईन उभी करणाऱ्या श्रीधरन साहेबांचं नाव आपण घेतो ते घ्यायलाच हवं, पण करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा एका माणसाने होत नाही. लांब बोगद्यात दोन्ही तोंडांकडनं खणत येतात, मधे भेटायचं, म्हणजे इकडच्या सर्व्हेवाल्याने वहीत लिहिलेली रीडिंग तिकडच्याला तशीच्या तशी कळायला हवीत, एकाचा सात दुसऱ्याला एक वाटला तर डोंगराच्या पोटात किती फरक पडेल विचार करा. आपल्या पोरांनी ती लाईन गाडीच्या खिडकीतनं बघितलीय, पण ती वह्यांवर उभी आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

भाषेचंही थोडं बोलायला हवं. मराठी मीडियममधनं आलेल्या पोराला वाटतं लिहिता येणं म्हणजे इंग्लिश येणं, आणि तिथे तो गप्प होतो. मी त्यांना सांगतो, आधी मराठीत सांग काय झालं ते, मग इंग्लिशचं बघू. जे मराठीत सरळ सांगता येत नाही ते इंग्लिशमध्ये नुसतं झाकलं जातं, "अटेंडेड ओके" हे त्याचंच उदाहरण. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२१-२२ पासून मराठीसकट भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, ते पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. पण मराठी म्हणजे अवघड संस्कृत शब्द नव्हेत. व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणा. आमच्याकडचा फॅब्रिकेटर सुतात बोलतो, ड्रॉइंग मिलीमीटरमध्ये असतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरला जरा कमी. ज्या इंजिनिअरला दोन्ही बोलता येतं त्याचं बेसप्लेटचं भोक पहिल्या झटक्यात जमतं, बाकीचे परत वेल्डिंग करत बसतात.

वरच्या लोकांना हे माहीत नाही असंही नाही. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशोदेशींच्या कराराचा, पूर्ण सभासद झाला, आणि एनबीए ही आपल्याकडची संस्था कोर्सला मान्यता देताना पोराला काय काय यायला हवं याची जी यादी बघते त्यात टीमवर्क आणि कम्युनिकेशन दोन्ही आहे. कागदावर आहे. कॉलेजं त्याचे तक्ते भरतात. मला तक्त्याबद्दल बोलायचं नाही, पोराच्या हातातल्या पेनाबद्दल बोलायचं आहे.

आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांतल्या सरांना आणि मॅडमना माझी एक विनंती आहे, यात एक रुपया खर्च नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट पहिल्या सेममध्ये जो ग्रुप करतो, तो दुसऱ्या सेममध्ये त्यांच्याकडनं काढून दुसऱ्या ग्रुपला द्या. मधे फक्त लिहिलेलं हस्तांतर, तोंडी काही सांगायचं नाही. ज्यांचं लिहिलेलं वाचून पुढच्या ग्रुपचं काम सुरू होईल त्यांना मार्क, आणि जिथे अडेल तिथे दोन्ही ग्रुपनी एकत्र बसून ते परत लिहायचं. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, होऊ दे. आणि रिपोर्ट एकदा तरी वर्कशॉपमधल्या फिटरला किंवा लॅब असिस्टंटला वाचायला द्या, त्याला कळला तरच सही.

एमआयडीसीतल्या मालकांनाही सांगणं आहे, ट्रेनिंगच्या पोराला नुसतं उभं करून ठेवू नका, त्याच्याकडनं रोजची अर्धं पान नोंद लिहून घ्या आणि वाचा. दहा मिनिटं लागतात. मी वाचतो.

ज्या कॉलेजला हा अदलाबदलीचा प्रयोग करायचा असेल त्यांच्या पोरांची रिपोर्टं वाचून कुठे कळत नाही ते सांगायला मी तयार आहे, रविवारी मला वेळ असतो. आणि आमचं ते जुनं रजिस्टर अजून फॅक्टरीत आहे, "पंप नं. २ अटेंडेड, ओके" ही ओळ आणि तिच्याखाली त्याच पोराच्या अक्षरातल्या नवीन ओळी, दोन्ही. कुणाला पोरांना दाखवायला आणायचं असेल तर घेऊन या.

आपला,
बर्फाच्या फॅक्टरीतला एक मेंटेनन्सवाला,
मिरकरवाडा, रत्नागिरी