तो हुंडा नाही, देज आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला नायजेरियन नाटककार वोले सोयिंका यांच्या 'द लायन अँड द ज्वेल'वरचा लेख वाचला. १९५९ साली इबादानला रंगमंचावर आलेल्या या नाटकाची आठवण कुणाला तरी झाली, याचा आनंद वाटला. पण लेखात एक शब्द चुकला आणि त्यापायी अख्खा मास्तर चुकला. नाटकातला शाळामास्तर लाकुन्ले हा 'हुंडा नाकारणारा सुधारक' आहे म्हणे. अहो, तो हुंडा नव्हे, देज. मुलाने मुलीकडच्यांना द्यायचं. आपल्या वारल्यांत, भिल्लांत ही चाल आहेच. शब्दासाठी लांब जायला नको होतं.

हा घोळ नवा नाही. बी.ए.ला मी हे नाटक शिकवत असे, तेव्हा पहिल्या तासाला साऱ्या मुली लाकुन्लेच्या बाजूने. फळ्यावर बाण काढून पैसे कुठून कुठे जातात ते दाखवलं, की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "म्हणजे मॅडम, पैसे याचेच वाचणार!"

अगदी तेच. मास्तर जिच्या मागे लागलाय ती गावातली देखणी मुलगी सिडी देज मागते, कारण त्याशिवाय लग्न केलं तर गाव तिच्या कौमार्यावर बोट ठेवणार. मास्तर ती चाल रानटी ठरवून लांबलचक भाषण ठोकतो आणि त्याच तोंडाने बायकांचा मेंदू लहान असतो असंही ऐकवतो.

सिडी मास्तराऐवजी गावप्रमुखाशी लग्न करते, या शेवटाला लेखात 'परंपरेचा विजय' म्हटलंय, तेही मला पटत नाही. बासष्ट वर्षांचा गावप्रमुख बरोका कसला परंपरेचा राखणदार? मोजणीला आलेल्या गोऱ्याला लाच चारून रेल्वे गावाबाहेरून वळवणारा हाच, आणि सिडीला तिच्या चेहऱ्याच्या टपाल तिकिटांची भुरळ घालणाराही हाच. लागोसच्या मासिकात तिचे फोटो झळकले आणि याचा मात्र संडासाशेजारी कोपऱ्यात चिमुकला, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. (त्या फोटोवर वर्ग दरवर्षी हसायचा.)

बरोकाने सिडीला फसवून तिचं कौमार्य घेतल्यावर लाकुन्ले क्षणभर हळहळतो, मग ग्रंथांचा हवाला देत तिचा स्वीकार करायला निघतो. वर कबूलही करतो, की देजाचा प्रश्नही यात सुटला! सिडी नटूनथटून बरोकाकडे जाते. वरातीत एक पोरगी मास्तरापुढे ठुमकते, आणि हा लगेच तिच्यामागे नाचायला.

— एक निवृत्त प्राध्यापिका, कराड