म्हाताऱ्या कुत्र्याची ढास आणि गळ्यातला पट्टा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या अंकात पाखरांसाठी पाणी ठेवण्याचं आवाहन येतं. यंदा त्यासोबत घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दलही दोन ओळी छापाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

आमचा मोती पामेरियन, वय अकरा. गेल्या वर्षी त्याला ढास लागली. दारावरची बेल वाजली, कुणी ओळखीचं आलं, की मान पुढे ताणून बदकासारखा आवाज काढायचा आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करायचा. शेजारी म्हणाले, हाडूक अडकलं असेल. मी मेडिकलमधून माणसांचं खोकल्याचं औषध आणलं आणि चमच्याने पाजलं. हा गाढवपणा होता. अशा काही औषधांत पॅरासिटामॉल असतं, शुगरफ्रीमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असू शकतो आणि दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. मोती वाचला, पण दोन महिने वाया गेले.

जनावरांच्या डॉक्टरांनी छातीला तपासायची नळी लावली, एक्स-रे काढला. दुखणी दोन निघाली. श्वासनळी ज्या कूर्चेच्या कड्यांवर ताठ उभी राहते, त्या कड्या मऊ पडून नळी चपटी होत होती. शिवाय हृदयाची एक झडप गळत होती. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात ही दोन्ही दुखणी नेहमीची, आणि दोन्हींत खोकला येतो. औषधं मात्र वेगळी. म्हणून नुसता आवाज ऐकून अंदाज बांधू नये.

पहिलं काम म्हणजे गळ्यातला घुंगरांचा पट्टा काढला. साखळी आता छातीपट्ट्याला लावतो. मऊ पडलेल्या नळीवर ओढ बसत नाही. दुसरं काम वजनाचं, आणि तिथे घरात भांडणं झाली. साडेचार किलोचा जीव साडेसहाला पोचला होता. आमची ही चहाबरोबर त्याला बिस्किटं द्यायची, नातू शेंगाचटणी लावलेली भाकरी. सगळं बंद केलं. चार महिन्यांत सव्वा किलो उतरलं आणि जिना चढताना लागणारी धाप निम्म्यावर आली. औषधाइतकाच त्याचा गुण आला, असं माझं मत.

मच्छर अगरबत्ती, धूप, झाडताना उडणारी धूळ यांनी ढास उठते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो, आणि त्या धापांनीच अशा नळीचे हाल होतात. म्हणून फिरणं उजाडताच, संध्याकाळी डांबर निवल्यावर. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दारूकामाच्या रात्री आम्ही खिडक्या लावून त्याच्याजवळ बसतो.

डॉक्टरांनी शिकवलेली एक गोष्ट सगळ्यांना जमेल. कुत्रा गाढ झोपला की घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. पोट वर-खाली झालं की एक. आकडा तीसच्या आत हवा. एका रात्री मोतीचा ३८ भरला. पुन्हा मोजला, ४०. सकाळी उठून दवाखाना गाठला. फुफ्फुसांत पाणी धरू लागलं होतं, वेळेत कळलं. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या, तर मात्र सकाळचीही वाट पाहू नये.

हा तीसचा आकडा तेवढा पाखरांच्या पाण्याशेजारी चौकटीत छापाल का?

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर