गुडघे ठीक आहेत, आता पुढचं ऐक

प्रिय मनू,

तुझे तिन्ही मेसेज आत्ता वाचले, दिवसभर रेंज येत जात होती. आम्ही दोघं धडधाकट आहोत, बाबांनी बीपीची गोळी घेतली, माझे गुडघे ठीक आहेत, आता पुढचं ऐक. तू म्हणालीस ना की चालायचंच होतं तर घराजवळच्या टेकडीवर चालायचं, त्यासाठी स्पेन कशाला, म्हणून आजचा दिवस जरा सविस्तर सांगते.

सकाळी कालेयाहून निघालो. स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावरचं छोटंसं कोळ्यांचं गाव, पांढरी घरं, बंदरावर कमानी आणि त्यांच्यासमोर वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. मोठ्या बॅगा हॉटेलवाले टॅक्सीने पुढच्या गावी पाठवतात, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी, टोप्या आणि बाबांची ती छत्री (पाऊस नाही काही नाही, तरी छत्री!). वाटेला इथे कामी दे रोंदा म्हणतात. पूर्वी तंबाखूबिंबाखूचं स्मगलिंग चालायचं, ते पकडायला शिपाई या वाटेने गस्त घालायचे, आणि दगडांमधल्या प्रत्येक कोपऱ्यात वाकून बघायचं तर वाट पाण्याला चिकटूनच हवी, म्हणून ती अशी सारखी वर चढते, खाली उतरते, पायऱ्या पायऱ्या. आता तीच जीआर ९२ नावाच्या मोठ्या वाटेचा भाग आहे, फ्रान्सच्या सीमेपासून खाली सगळ्या कॅटलोनिया प्रांताच्या किनाऱ्याने जाते, ५०० किलोमीटरच्या वर. दगडांवर, झाडांवर पांढरा-लाल पट्टा दिसला की बरोबर चाललोय, फुली दिसली की मागे फिरायचं, बस एवढंच, नकाशा बघायलाच लागत नाही, पण बाबा बघतात.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? वर एकेक करोडोंचे बंगले, स्विमिंग पूल, आणि त्यांच्या नाकाखालून आपण दोन म्हातारे टोप्या घालून आरामात चाललोय, कोणी हटकत नाही. यांचा १९८८ चा किनाऱ्याचा कायदाच आहे, किनारा सगळ्यांचा, आणि त्याच्या कडेने जमिनीच्या बाजूला ६ मीटर पट्टी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, मालक कोणीही असो. बाबा तर एवढे खूष झाले की एका गेटसमोर मुद्दाम थांबून बूट झटकले, मी म्हटलं चला हो पुढे.

याफ्रांक हे पुढचं गाव अर्ध्या तासात आलं, तिथे कॉफी घेतली आणि मग खरी चढण. वर सांत सेबास्तियाचं दीपगृह आहे, १८५७ चं, समुद्रापासून जवळजवळ १७० मीटर उंच. तिथे चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला पंधराव्या शतकातला बुरूज पण आहे आणि बाजूलाच ख्रिस्तापूर्वीच्या इबेरियन वस्तीचे दगडी पाये, म्हणजे जो तो येऊन याच टेकाडावर बसून समुद्राकडे बघत राहिलाय. आम्हीपण बसलो. संत्री खाल्ली. वारा एवढा की साल हातातून उडाली, आणि दुकानातली बाई म्हणे हा काहीच नाही, उत्तरेचा त्रामुंताना सुटला की बघा.

पुढे पाइनच्या झाडीतून उतार, मधे काला पेद्रोझा म्हणून नुसत्या गोट्यांचा चिमुकला किनारा, गाडी जात नाही म्हणून गर्दी नाही. पाणी हिरवंनिळं, तळाचा दगड न् दगड दिसतो. बाबा पाण्यात उतरले, आणि जेवढ्या वेगात उतरले त्याच्या दुप्पट वेगात बाहेर आले, मे महिन्यातलं पाणी आहे ते, बर्फ! फोटो काढलाय, त्यांना न सांगता पाठवते.

तामारिऊ गावात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते, पण इथे जेवणाची वेळच ती, घाई कोणालाच नाही. सुकेत मागवलं. ताज्या माशाचा बटाटा घातलेला रस्सा, आणि शेवटी त्यात पिकादा घालतात, म्हणजे बदाम, लसूण, पार्सली खलबत्त्यात कुटून, अगदी आपल्या वाटणासारखं, फक्त खोबऱ्याच्या जागी बदाम. तिखट नावाला नाही, पण रश्श्याला माशाचीच अशी चव की मी पाव बुडवून बुडवून भांडं पुसलं, पावाला पण टोमॅटो चोळून तेल-मीठ लावलेलं असतं. वाढणाऱ्या पोराला मी खुणांनी विचारलं मासा कुठला, तर त्याने फोनवर फोटो दाखवला, एवढं कुरूप तोंड की बाबा म्हणाले आधी दाखवलं असतं तर मागवलंच नसतं.

मग झोपलो. खरंच सांगते, साडेपाचपर्यंत.

उद्या बेगुरच्या बाजूला जायचंय, चढ जास्त आहे म्हणतात, म्हणून रात्री लवकर जेवायचा बेत होता पण आठच्या आत इथे कोणी किचनच उघडत नाही, तेव्हा आत्ता बिस्किटांवर आहोत. दिवाळीत तुला सुट्टी मिळणारे का ते कळव, बाबांना पुढच्या वेळी हाच किनारा वरून, फ्रान्सच्या बाजूने चालायचाय आणि मला त्यांची छत्री धरायला कोणीतरी हवंय.

आई

ता. क. गॅसवाला गुरुवारी येईल, पैसे मायक्रोवेव्हवरच्या डब्यात ठेवलेत.