गजेंद्राची हजार वर्षं कुठे गेली?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

श्रावण जवळ आला की आमच्या गोव्यात डिचोलीच्या बाजूला कीर्तनं, प्रवचनं, पोरांचे संस्कार वर्ग सगळ्याची गडबड सुरू होते. चांगलंच आहे. मी स्वतः गावच्या देवळात काही वर्षं रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगायचो, म्हणून लिहावंसं वाटलं.

२०१८ ची गोष्ट. मार्चात इथल्या लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या होत्या, आधी २०१२ ला एकदा पडल्याच होत्या. मी नेहमीसारखा गजेंद्रमोक्ष सांगत होतो, मगरीने पाय धरला, हत्तीने हाक मारली, विष्णू गरुडावर बसून आले, चक्र सोडलं, पाच मिनिटांत हत्ती मोकळा आणि मी पण मोकळा. तर चौथीतला एक मुलगा म्हणतो, "सर, आमचे पप्पा पण रोज हाक मारतात, देव कधी येणार?" त्यांचा खाणीवर चालणारा ट्रक घरामागे आंब्याखाली उभा असायचा, टपावर पानांचा थर आणि हौद्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. बँकेचा हप्ता मात्र चालू. मी "धीर धर रे" असं कायतरी बोललो आणि पुढच्या गोष्टीकडे वळलो. आजपण लाज वाटते.

घरी येऊन भागवताचा आठवा स्कंध काढला. तिथे ही झुंज हजार वर्षं चाललीय! बाकीचे हत्ती मागून ओढून बघतात, जमत नाही. याचं बळ कमी कमी होत जातं आणि मगरीचं वाढतं, कारण पाणी तिचं घर. मग कुठे ती हाक. आणि ती हाक पण त्याला ऐनवेळी सुचलेली नाही, मागच्या जन्मी शिकलेलं स्तोत्र तेव्हा आठवलंय. हे सगळं आम्ही गाळतो आणि वर म्हणतो मुलांना आशा शिकवा.

पुढच्या रविवारी तीच गोष्ट परत सांगितली, अर्धा तास. एकाने विचारलं, "हजार वर्षं तो जेवला काय?" मला उत्तर आलं नाही पण त्या दिवशी वर्गात कोणी पेंगलं नाही.

मोठ्यांचं पण तेच. शबरी म्हटली की उष्टी बोरं, जी वाल्मीकींच्या रामायणात नाहीतच. तिथे काय आहे तर वनवासाच्या सुरुवातीला राम चित्रकूटला आला तेव्हा तिचे गुरुजन स्वर्गाला गेले, जाताना सांगून गेले की तो इथे येईल, आणि राम आला तो वनवास संपत आल्यावर. म्हणजे इतकी वर्षं बाई एकटी त्या आश्रमात रानातली फळंकंदं जमवत राहिली. कीर्तनात याला दोन मिनिटं पण मिळत नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर तर अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत गुड न्यूज.

आपला वास्कोचा सप्ताच, म्हणजे दामोदराचा भजनी सप्ताहच, घ्या ना. सव्वाशे वर्षांपूर्वी साथ आली, लोक जांबावलीच्या देवळात दामोदराकडे गेले, श्रीफळ आणून ठेवलं आणि रात्रंदिवस भजन धरलं. साथ जाणार की नाही त्या रात्री कोणाला माहीत होतं? पाळीपाळीने गात बसले. आता सप्ता म्हणजे फेरीची दुकानं, खाजं आणि ट्रॅफिक जाम, पोरांना दुसरं काय ठाऊक नाही.

तेव्हा कीर्तनकार बुवांना हात जोडून विनंती, यंदा चमत्काराकडे जरा उशिरा या.

त्या ट्रकचं शेवटी भंगार झालं, पप्पा आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. मुलगा परवा बसस्टँडवर भेटला, माझ्यापेक्षा उंच झालाय, विचारत होता सर वर्ग अजून चालतो काय. गुडघ्यांमुळे मी बंद केला. देवळाची खोली रिकामी आहे, कोणी तरुण तयार असेल तर चावी कमिटीकडेच असते.

- एक वाचक, डिचोली