नेत्यांच्या तब्येतीचंही पत्रक निघू दे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कोरोनातून उठून सोमवारी, 12 ऑक्टोबर 2020 ला, फ्लोरिडात प्रचारसभेला उभे राहिले, ही बातमी वाचून हे पत्र लिहितो आहे. गेले दहा-बारा दिवस आमच्या बेळगावच्या वडगावात त्या एका माणसाच्या तापावर जेवढी चर्चा झाली, तेवढी गल्लीत घरोघरी पडून असलेल्यांवर झाली नाही. चर्चेत गैर काही नाही. विणकरांचे माग अजून धड सुरू नाहीत, हाताला काम नाही, मग कट्टा भरणारच.

2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीत, ट्रम्प यांना कोरोना झाल्याची बातमी मोबाइलवर येऊन पडली आणि चहा निवायच्या आत विनोद सुरू झाले. ‘मास्कची टिंगल करत होता, बरी जिरली की ओ!’ ‘जंतुनाशक टोचायचं सुचवत होता ना, घे म्हणावं आता टोचून!’ दुसऱ्या बाजूला हात जोडलेले फोटो आणि ‘आपल्या देशाचा दोस्त आहे, त्याला काही होऊ नये’ अशी आळवणी. तिकडे तेलंगणात ट्रम्प यांचा पुतळा उभारून रोज पूजा करणारा एक शेतकरी त्यांच्या आजारानं हाय खाऊन बसला आणि गेल्या रविवारी हृदयविकारानं गेलाही, असं छापून आलं. ट्रम्प यांच्या आजाराची बातमी आली त्याच दोन दिवसांत आपल्या देशातल्या कोरोना मृत्यूंचा आकडा 1 लाखाच्या वर गेला. त्यावर आमच्या ग्रुपवर अवाक्षर नाही.

हे सगळं बघताना मला राहून राहून आमचे बेळगावचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सुरेश अंगडी आठवत होते. त्यांना जाऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते.

स्पष्ट सांगतो, मी जन्मभर समितीवाला, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा. अंगडींना मी कधी मत दिलं नाही आणि सीमाप्रश्नावर त्यांच्याकडून माझी कसली अपेक्षाही नव्हती. पण 2004 पासून सलग चार वेळा ते इथून निवडून आले, त्यात मराठी मतंही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. रेल्वे राज्यमंत्री झाल्यावर महिनाभरात त्यांनी बेळगाव-बेंगळूर रात्रीची गाडी सुरू करून दाखवली. त्या गाडीनं आमची पोरंही नोकरीला जातात. असा माणूस 23 सप्टेंबरला दिल्लीत एम्समध्ये गेला. कोरोनानं गेलेला पहिला केंद्रीय मंत्री आमच्या बेळगावचा निघाला. पार्थिव गावाकडे आणताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीतच द्वारकेच्या लिंगायत दफनभूमीत अंत्यविधी झाला आणि के. के. कोप्प गावानं आपल्या माणसाला टीव्हीवर निरोप दिला. तो अंत्यविधी चालू असताना आमच्या काही मराठी पोरांनी जे मेसेज फिरवले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या मोठ्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवावेत, एवढंच म्हणतो.

पण माझं खरं गाऱ्हाणं त्या पोरांबद्दल नाही. 11 सप्टेंबरला अंगडींनी स्वतःच ट्विट करून सांगितलं होतं, अहवाल पॉझिटिव्ह आहे, मी ठीक आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललंय. त्यानंतर आमच्यापर्यंत पोहोचली ती थेट निधनाची बातमी. मधल्या बारा दिवसांत काय झालं? ताप कधी वाढला, धाप कधी लागली, ऑक्सिजन कितव्या दिवशी लावावा लागला? ज्यांनी त्यांना निवडून दिलं त्या लाखो लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मग तोंडाला येईल ते. कुणी म्हणे, मंत्री कधी कोरोनानं मरतो का, आत काहीतरी वेगळंच असणार. कुणी म्हणे, मंत्र्यालाच जिथं वाचवता आलं नाही तिथं आपण दवाखान्याची पायरी कशाला चढायची? हे दुसरं वाक्य मला फार महागात पडणारं वाटलं, कारण ते नुसतं बोलून लोक थांबले नाहीत. आमच्याच गल्लीत अंगात कणकण असूनही तपासणीला न जाता काढे पीत बसलेली घरं मी बघितली आहेत.

आता इंग्लंडच्या पंतप्रधानांचं बघा. बोरिस जॉन्सन यांचा अहवाल 27 मार्चला पॉझिटिव्ह आला. 5 एप्रिलला रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा सांगितलं गेलं की फक्त खबरदारी म्हणून, काही तपासण्यांसाठी. दुसऱ्या रात्री ते अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या त्या तारखा आणि अंगडींच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की आजाराची चाल कळते. पहिला आठवडा माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि दुसऱ्या आठवड्यात अचानक खचतो. डॉक्टर हे घसा कोरडा करून सांगत आहेत. आशाताई दारोदार जाऊन सांगत आहेत आणि वर शिव्या खात आहेत. आमच्या लोकांना ते पटत नाही. मात्र ‘तुमच्या खासदारांना आठव्या दिवशी धाप लागली’ किंवा जे काही घडलं असेल ते, कुणी सही करून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या बेळगावनं बोटाला ऑक्सिमीटर लावला असता. पुढाऱ्याचं आजारपण लोक जेवढं कान देऊन ऐकतात तेवढं सरकारी जाहिरातीतलं एक वाक्यही ऐकत नाहीत.

आणि सामान्य माणसाचं बघा. साथीच्या या दिवसांत कर्नाटक सरकारचं आरोग्य पत्रक रोज संध्याकाळी निघतं. त्यात मृतांचा तक्ता असतो. नाव नसतं, पी-नंबर, म्हणजे रुग्णाचा क्रमांक असतो. जिल्हा, वय, पुरुष की स्त्री, लक्षणं काय होती, मधुमेह किंवा रक्तदाब होता का, दाखल कधी केलं, मृत्यू कधी झाला, हे सगळं एका ओळीत. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा मुलगा त्या तक्त्यात वय आणि तारीख जुळवून आपल्या वडिलांची ओळ शोधत होता. सापडल्यावर त्यानं ती बोटानं दाखवली. आमच्या माणसाची धाप, साखर आणि शेवटची तारीख अशी चव्हाट्यावर येते आणि कुणी हरकत घेत नाही. पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र लगेच खाजगी बाब!

हे आजचं नाही. 1918-19 च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माझी आजी त्या तापाच्या गोष्टी सांगायची. त्याच साथीत, एप्रिल 1919 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन पॅरिसला तहाच्या बोलण्यांत असताना अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या डॉक्टरांनी वार्ताहरांना सांगितलं, सर्दी झाली आहे. शंभर वर्षांनी ट्रम्प यांच्या डॉक्टरांनी तरी वेगळं काय केलं? 3 ऑक्टोबरला सगळं उत्तम म्हणाले. त्याच दिवशी अध्यक्षांच्याच कार्यालयातून लक्षणं काळजीची असल्याचं बाहेर आलं. 4 तारखेला डॉक्टरांनी कबूल केलं की प्राणवायू दोनदा खाली गेला होता. आणि आजारी पडण्याआधीची शेवटची निगेटिव्ह चाचणी कधीची, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

आपल्याकडे गेल्याच महिन्यात राज्यसभेचे खासदार अशोक गस्ती यांच्या बाबतीत तर कहर झाला. माणूस व्हेंटिलेटरवर असताना बड्या बड्या नेत्यांच्या श्रद्धांजल्या येऊन गेल्या. रुग्णालयाला खुलासा करावा लागला की ते हयात आहेत. निधन झालं ते त्या रात्री. त्या काही तासांत घरच्यांवर काय बेतलं असेल?

उलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. ऑगस्टमध्ये प्रणव मुखर्जी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात होते. मेंदूची शस्त्रक्रिया, त्यात कोरोना. रुग्णालय रोज चार ओळींचं पत्रक काढत होतं. कोमात आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत, सुधारणा नाही, जे असेल ते. मध्येच ते गेल्याची अफवा उठली, पण पत्रक रोज येतच असल्यामुळं ती टिकली नाही. त्या चार ओळींनी देशाच्या सुरक्षेला कसला धक्का बसला? मला कुणाची फाइल नको आहे. कोण उपचार करतंय, प्राणवायू लागतोय का, आणि खात्याचा कारभार सध्या कुणाकडे आहे, एवढं रोज सहीनिशी मिळावं. आमचे कर्नाटकाचे मुख्यमंत्री येडियुराप्पा आणि केंद्रीय गृहमंत्री अमित शहा 2 ऑगस्ट 2020 ला, एकाच दिवशी पॉझिटिव्ह निघाले. दोघेही बरे झाले, आनंद आहे. दोघेही खाजगी रुग्णालयात गेले, त्यावर लोक कुजबुजले आणि मला त्यात लोकांची चूक दिसत नाही. अंगडी सरकारी एम्समध्ये गेले होते, हे त्यांच्या टीकाकारांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, लक्षात ठेवावं.

अविश्वास किती साचला आहे हे आपण जुलैमध्ये पाहिलं. इथल्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात एक रुग्ण दगावल्यावर रुग्णवाहिका पेटवली गेली. जाळणाऱ्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण आत काय चाललंय हे बाहेर उभ्या असलेल्याला कुणी सांगत नसलं की तो काहीही मानायला तयार होतो.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक कधीतरी लागेलच आणि सगळ्या पक्षांचे पुढारी गल्लोगल्ली फिरतील. त्यातल्या कुणाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की ‘माझ्या संपर्कात आलेल्यांनी तपासणी करून घ्यावी’ हे ठरलेलं वाक्य येईल. कृपा करून ते तेवढंच छापून सोडू नका. मागच्या आठवड्यात ते कुठल्या मंगल कार्यालयात जेवले, कुठल्या गल्लीत ओवाळून घेतलं, व्यासपीठावर शेजारी कोण होतं, हे वार्ताहराला विचारायला लावा आणि गल्लीच्या नावानिशी छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव
15 ऑक्टोबर 2020