मनोरुग्णालयातल्या ज्येष्ठांसाठी चपला, कठडे आणि थोडा वेळ हवा आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या शहरातल्या मनोरुग्णालयातील वयस्कर रुग्णांचे पडणे कमी व्हावे, म्हणून आमचा ज्येष्ठ नागरिक संघ मदत गोळा करत आहे.

पडण्याचा धोका मोठा तो रात्री-पहाटे, संडासला जाताना. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. काही गोळ्यांनी अंग ताठरते, पाय फरफटतात. त्यात ओली फरशी, झिजलेली स्लीपर आणि टाचेखाली येणारा पायजमा. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरूण धरतो. आणि ज्याला दुखणे नीट सांगता येत नाही, त्याचे मोडलेले हाड लवकर लक्षातही येत नाही. बांधून ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने पायांतले उरलेसुरले बळही जाते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सुरक्षित वातावरण हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा हे सरकारचेच काम, मान्य. पण काठीचे झिजलेले रबरी बूच निविदेची वाट पाहत नाही, त्याआधीच काठी घसरते. ज्यांच्या घरचे कोणी फिरकत नाही, त्यांचा चष्म्याचा नंबर बदलला हे तरी कोण बघणार?

मागे पट्टा आणि रबरी तळ असलेल्या, वेल्क्रोच्या नव्या चपला द्या. नाडीचे बूट नकोत. गळफासाच्या भीतीने वॉर्डात नाडी-दोरी चालत नाही. पायजमेही इलॅस्टिकचे, घोट्यापर्यंतच. वॉकर, काठ्या वापरलेल्या चालतील, बुचे मात्र नवी. संडासातले कठडे परस्पर आणू नका. त्याच भीतीने, कठड्याला काही बांधता येऊ नये म्हणून कठडा आणि भिंत यांतली फट बुजवलेली लागते. त्यासाठी पैसे द्या. रुग्णालय सांगेल त्याच नमुन्याचे बसवू. रात्रीचे मंद दिवेही त्यातूनच घेऊ.

फळवाटप कृपया नको. नेत्यांच्या वाढदिवसांना केळी पुष्कळ येतात.

निवृत्त परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि चष्मेवाले यांनी आठवड्यातून तासभर दिला तर फार बरे. डॉक्टरांच्या परवानगीने पायांचे व्यायाम घेता येतील. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचे, मग सावकाश उभे राहायचे, ही सवय लावता येईल.

वस्तू आणि धनादेश संघाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत स्वीकारले जातील. पावती मिळेल. रुग्णांसोबत फोटो काढता येणार नाही.

आपला,
कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ